नगरची निशाणे आणि वारकऱ्याची पताका



श्रीनिवृत्तिनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघते आणि राहुरी, नगर, मिरजगाव करीत करमाळ्याच्या अंगाने पंढरीकडे उतरते, हे आपणांस ठाऊक आहे. नगर शहरातून दिंड्या जातात तेव्हा तिथला भुईकोट किल्ला आपल्या जागी उभा असतो आणि आपल्या पताका चालत असतात. या नगर प्रांतावर (आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) सातशे वर्षांत कोणकोणती निशाणे चढली आणि उतरली, आणि त्या निशाणांच्या सावलीत आपल्या संतांनी काय केले, एवढाच आजचा विषय आहे.

हा विषय आताच का काढला, असे आपण विचाराल. आता वयोमानाने कीर्तनाला उभा राहत नाही, पण सप्ताहाचे बोलावणे आले की ऐकायला जाऊन बसतो. तिथे तरुण पोरे जवळ येतात आणि विचारतात, "महाराज, वेशीवर झेंडा कोणता लावायचा?" एका गावी तर या एका प्रश्नापायी सप्ताहाच्या तोंडावर दोन आळ्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, आणि काल्याच्या पंगतीला निम्मे गाव आले नाही. काल्याला आपण सारे एकमेकांच्या हातचे खातो, तोच काला निशाणापायी मोडत असेल, तर विठोबाच्या दारी उभे राहणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार केलाच पाहिजे.

राजाची खूण तीन गोष्टींनी ओळखली जाई. नाणे कोणाच्या नावाचे, द्वाही कोणाच्या नावाची आणि निशाण कोणाचे. रयतेला यातले नाणे क्वचितच हाती लागे. द्वाही एक दिवस फिरे आणि विरून जाई. निशाण मात्र कोसभरावरून दिसे. शेतकरी ते पाहून इतकेच समजून घेई की, यंदाचा सारा कोणाच्या कचेरीत भरायचा. निशाण बदलले म्हणून जमिनीचा कस बदलला नाही, आणि सीना, प्रवरा, मुळा या नद्यांनी आपली वाट सोडली नाही.

प्रारंभ नेवाशापासून करू. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० साली माउलींनी प्रवरेच्या तीरी ज्ञानेश्वरी सांगितली. त्या वेळी राज्य देवगिरीच्या यादवांचे होते, गादीवर रामचंद्रदेवराय होते आणि माउलींनी ग्रंथाच्या शेवटी त्यांचा आदराने उल्लेख केला आहे. यादवांच्या ध्वजावर गरुड असे. त्यांच्या बिरुदांत 'सुवर्णगरुडध्वज' हे बिरुद येते. सोन्याचा गरुड, विष्णूचे वाहन, आणि आपल्याच मराठी मुलखाचा राजा. एका वैष्णवाला याहून जवळचे निशाण कोणते असणार? तरी त्या निशाणाचे आयुष्य पाहा. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि अपार खंडणी घेऊन गेला. त्याच वर्षीच्या कार्तिकात माउलींनी आळंदीस समाधी घेतली. पुढे वीस-बावीस वर्षांत सोन्याचा गरुड देवगिरीवरून कायमचा उतरला.

नेवाशाला गेलात तर पैस खांबाला टेकण्यापूर्वी त्यावरची अक्षरे पाहा. करवीरेश्वराच्या नंदादीपाला तेल मिळत राहावे म्हणून केलेल्या दानाचा लेख आहे तो. ज्या राज्यात ते दान झाले त्याचे निशाण कुठे उरले नाही, आणि दिव्याच्या तेलाची नोंद करणारा दगड मात्र आजही उभा आहे. त्याच दगडाला पाठ टेकून माउलींनी गीतार्थ सांगितला, अशी आपली श्रद्धा आहे.

यादवांमागून दिल्लीची निशाणे आली, आणि १३४७ पासून बहामनींची. बहामनी राज्य खिळखिळे झाले तेव्हा मलिक अहमद नावाचा सरदार स्वतंत्र झाला. २८ मे १४९० रोजी त्याने बहामनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ साली भिंगारजवळ सीनेच्या काठी नवे शहर वसवायला घेतले. तेच अहमदनगर.

या अहमद निजामशहाची एक गोष्ट इतिहासकार फरिश्ता याने लिहून ठेवली आहे. अहमदाने डोक्यावर पांढरे छत्र धरायला सुरुवात केली. छत्र ही राजाची खूण, म्हणून त्याच्याच बरोबरीच्या सरदारांनी हरकत घेतली. अहमद म्हणाला, हे तर उन्हासाठी धरले आहे. सरदार म्हणाले, मग ऊन सगळ्यांनाच लागते, सगळ्यांनाच छत्र धरू द्या. त्याने तशी मोकळीक दिली, आणि राजाचे छत्र ओळखू यावे म्हणून त्यावर तेवढे तांबडे कापड लावले. संतहो, या गोष्टीत मोठा अर्थ आहे. ऊन राजालाही लागते आणि रंकालाही लागते. दोघांत फरक काय राहिला, तर तांबड्या कापडाचा एक तुकडा!

पुढे त्याचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याने १५३७ साली शिया पंथ स्वीकारला, तेव्हा राज्याची पांढरी निशाणे जाऊन हिरवी आली. प्रजा तीच, धर्म राजाचाच, पंथ तेवढा बदलला, तरी निशाणाचा रंग बदलला आणि त्यावरून राजधानीत दंगाही उसळला. निशाणाचे भांडण परक्याशीच होते असे समजू नये. घरातल्या घरातही ते होते.

याच निजामशाहीच्या मुलखात तेव्हा देवगिरीचा किल्लाही होता. १४९९ पासून तो नगरच्या ताब्यात होता. त्या किल्ल्याचे अधिकारी जनार्दनस्वामी, आणि त्यांच्याकडे पैठणहून आलेला कोवळा पोरगा म्हणजे आपले एकनाथ महाराज. जनार्दनस्वामींनी सुलतानाची चाकरी चोख केली, हिशेबात पै इकडची तिकडे होऊ दिली नाही, आणि ध्यानाच्या वेळी दत्तात्रेयाखेरीज दुसऱ्या कोणाला आत येऊ दिले नाही. माथ्यावर निशाण कोणाचे, यावर त्यांचा परमार्थ अडला नाही. नाथांना त्यांनी हिशेबाला बसवले आणि हिशेबातूनच एकाग्रता शिकवली, ही कथा आपण कीर्तनांतून अनेकदा ऐकली असेल.

इकडे श्रीगोंद्यात शेख महंमद महाराज होऊन गेले. 'योगसंग्राम' हा त्यांचा ग्रंथ. जन्माने मुसलमान, वाणी मराठी आणि वाट भागवतांची. त्यांना श्रीगोंद्यात मठ बांधून दिला तो शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी. हे मालोजीराजे निजामशाहीचे सरदार होते. त्यांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ती नगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून, असे परंपरा सांगते. १६२४ साली नगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले आणि शरीफजी त्या रणात पडले. म्हणजे ज्या घराण्याने पुढे भगवा उभारला, त्या घराण्याचे रक्त निजामशाही निशाणाखालीही सांडले आहे. इतिहास सरळ रेषेत चालत नाही. आपण त्याला सरळ करायला गेलो की तो मोडतो.

त्याआधी नगरच्या किल्ल्याने मोगलांचा वेढा सोसला होता. १५९६ साली सुरुंगाने तट फुटला तेव्हा चांदबीबीने स्वतः उभे राहून रातोरात भगदाड बुजवून घेतले. तरी १६०० साली तिचा अंत झाला आणि किल्ल्यावर मोगलांचे निशाण चढले. १६३६ साली निजामशाही पुरती बुडाली. मोगल बादशहांच्या मानचिन्हांत माही मरातिब म्हणून माशाचे चिन्ह असे. ते मिळावे म्हणून मोठमोठे सरदार आयुष्य वेचीत. त्या साम्राज्याचा सर्वांत बलाढ्य बादशहा औरंगजेब पंचवीस वर्षे दक्षिणेत झुंजला आणि १७०७ साली याच नगरजवळ भिंगारला त्याने देह ठेवला. ज्या मुलखावर निशाण रोवण्यासाठी तो आला, त्या मुलखाने त्याला शेवटी निजण्यापुरती जागा दिली.

मोगलांचा जोर ओसरल्यावर नगरचा किल्ला हैदराबादच्या निजामाकडे गेला. त्याच्या निशाणावर गोल कुलचा, म्हणजे रोटी असे. त्याची कथा अशी सांगतात की, पहिल्या निजामाला एका अवलियाने पिवळ्या फडक्यात बांधून कुलचे दिले, त्याने त्यांतले सात खाल्ले, आणि तेवढ्या पिढ्या राज्य करशील असा आशीर्वाद मिळाला. निशाणावर भाकरी काढणारा राजा आपल्याला ऐकायला गोड वाटतो. पण निशाणावरची भाकरी रयतेच्या ताटात आली की नाही, हे निशाण पाहून कळत नसते.

आता महिपती महाराजांकडे येऊ. राहुरी तालुक्यातले ताहाराबाद हे त्यांचे गाव. १७१५ साली जन्म आणि १७९० साली समाधी. आपण सारे कीर्तनकार ज्यांच्या घरचे मीठ खातो ते हे महिपती. संतांच्या कथा सांगायला उभे राहिलो की पहिला आधार त्यांच्या ओव्यांचा. ते गावचे कुलकर्णी होते. एकदा ते पूजेला बसले असता जहागीरदाराचा शिपाई आला आणि अवेळी कचेरीत चला म्हणून हटून बसला. महिपती गेले, काम उरकून आले आणि कानावरची लेखणी त्यांनी विठ्ठलाच्या पायांशी ठेवली. पुन्हा ही लेखणी सरकारी दप्तरासाठी उचलणार नाही, संतांच्या चरित्रासाठीच उचलीन, असा त्यांनी नेम केला.

यापुढे तारखा नीट ध्यानात घ्या. १७५७ साली त्यांचा 'संतलीलामृत' ग्रंथ पूर्ण झाला. तेव्हा नगरच्या किल्ल्यावर निजामाचे निशाण होते. १७५९ साली किल्लेदार कवी जंग याने पैसे घेऊन किल्ला पेशव्यांच्या हवाली केला, आणि एकही तोफ न डागता निशाण बदलले. १७६१ साली पानिपत झाले आणि घरोघर रडारड झाली. १७६२ साली महिपतींचा 'भक्तविजय' पूर्ण झाला. किल्ला त्यांच्या गावापासून काही फार लांब नाही. पाच वर्षांत त्यांच्या डोळ्यांदेखत राज्य पालटले, मराठ्यांची एक पिढी रणात गेली, आणि ताहाराबादेत त्यांची लेखणी त्याच विठ्ठलासमोर चालत राहिली. लेखणी टाकली ती त्यांनी योग्य वेळी टाकली. नाही तर नव्या धन्याच्या दप्तरात नवी नावे लिहिण्यातच ती झिजली असती.

पेशव्यांच्या फौजेपुढे जरीपटका चाले. किल्ल्याचे मात्र पुन्हा हस्तांतर झाले. १७९७ साली तो दौलतराव शिंद्यांकडे गेला. नाना फडणवीसांसारखा मुत्सद्दी त्याच किल्ल्यात कैदेत राहिला, म्हणजे आपल्याच निशाणाखाली आपलाच माणूस बंदिवान झाला. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रजांचा सेनापती वेलस्ली आला. ८ तारखेला त्याने शहराची पेठ घेतली आणि १२ तारखेला किल्ला खाली झाला. पेशव्यांच्या बाजूने हजर असलेल्या एका मराठा सरदाराने आश्चर्याने लिहिले की, हे लोक सकाळी आले, तट चढून गेले, आतली शिबंदी मारली आणि न्याहारीला परत गेले. मधे काही काळ किल्ला पेशव्यांकडे परत आला, आणि १८१७ च्या पुणे तहाने तो कायमचा इंग्रजांचा झाला. त्यावर युनियन जॅक चढला तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळ राहिला.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशी पुढारी पकडले गेले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा बारा जणांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. तिथे नेहरूंनी भारताच्या इतिहासावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. मौलाना आझादांची पत्नी कलकत्त्यास वारली, तेव्हा ते याच किल्ल्यात बंदिवान होते, शेवटची भेट झाली नाही. मार्च १९४५ च्या अखेरीस नेहरूंना तेथून हलवले. पुढे दोनच वर्षांनी, २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीपुढे राष्ट्रध्वजाचा ठराव आला तो नेहरूंनीच मांडला. युनियन जॅकखाली नगरला बंदीत राहिलेल्या माणसाने तिरंग्याचा ठराव मांडावा, हा योग विलक्षण खराच.

या सगळ्या मालिकेत तिरंगा वेगळा आहे. आधीचे प्रत्येक निशाण एका घराण्याचे होते आणि ते चढवताना कोणाचा तरी तट फुटला होता. तिरंगा कोणा एकाच्या घरचा नाही. तो सभेत बसून, सर्वांच्या विचाराने ठरला. म्हणून त्याला मान देताना वारकऱ्याच्या मनात दुजाभाव असण्याचे कारण नाही. शाळेपुढे, ग्रामपंचायतीपुढे तो चढतो तेव्हा टाळ खाली ठेवून सरळ उभे राहावे.

मग आपली पताका कोणती? ती किल्ल्यावर कधी चढली का? आजवर मी सांगितलेली निशाणे आठवा. गरुडाचे, दिल्लीचे, बहामनींचे, पांढरे, हिरवे, मोगलांचे, कुलच्याचे, जरीपटका, युनियन जॅक आणि तिरंगा. यांत वारकऱ्याची पताका नाही, कारण तिला तट लागत नाही. जाडेभरडे कापड, कावेत बुडवून काढलेले, आणि वेळूची काठी. ती खांद्यावर असते. माणूस थांबला की ती थांबते, आणि माणूस चालला की चालते. तिच्या सावलीत सारा गोळा होत नाही. रिंगणात सर्वांआधी पताकेकरी धावतात, त्यांच्यामागे तुळशीवाल्या माउली, विणेकरी आणि टाळमृदंगवाले, आणि मग अश्व. पताकेकऱ्याला पुढे धावण्याचा मान आहे, पण त्याचे काम वाट दाखवण्याचे आहे, जागा अडवण्याचे नाही.

यावर कोणी पूर्वपक्ष करील, "महाराज, देवळाच्या शिखरावरही ध्वज असतोच की. तो नाही का रोवलेला?" असतो, बाबांनो. पण थकला वारकरी लांबून कळस आणि ध्वज पाहतो आणि जागच्या जागी हात जोडतो. तो ध्वज म्हणतो, ये. किल्ल्यावरचे निशाण बाहेरच्याला म्हणते, विचारून ये. दोन्ही कापडेच आहेत, पण दोघांची बोली निराळी.

दुसरा पूर्वपक्ष याहून भारी आहे. राजांचे निशाण नसते तर वारी निर्धास्त चालली असती का? हे खरे आहे. शिवछत्रपतींचा भगवा, अहिल्याबाईंनी देशभर बांधलेले घाट आणि देवळे, यांचे ऋण नाकारणारा कृतघ्न ठरेल. अहिल्याबाई तर आपल्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या लेक. पण निशाणाने सर्वांत मोठा मान केव्हा मिळवला ते पाहा. हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरचे सरदार. ते सारे सोडून ते आळंदीला माउलींच्या पायी राहिले आणि पालखी सोहळ्याला त्यांनी आजचे रूप दिले. अंकलीच्या शितोळे सरकारांनी अश्व दिले. आजही माउलींच्या पालखीपुढे दोन अश्व चालतात. एकाच्या पाठीवर कोणी बसत नाही, तो माउलींचा. दुसऱ्यावर स्वार असतो आणि त्याच्या हाती जरीपटका असतो. ज्या जरीपटक्यापुढे एके काळी फौजा चालत, तो आज रिकाम्या पाठीच्या अश्वाची सोबत करीत पंढरीला चालत जातो. किल्ल्यावरचा जरीपटका गेला, चाकरीला आलेला राहिला.

आणि गरुडाचे काय झाले? पालखीबरोबर अब्दागिरी आणि गरुडटके चालतात ते आपण पाहिले असतील. यादवांचा सोन्याचा गरुड देवगिरीवरून उतरून सातशे वर्षे झाली. देवाच्या पालखीबरोबरचा कापडावरचा गरुड मात्र दरसाल चंद्रभागेला जाऊन येतो.

म्हणून वेशीवर झेंडा कोणता, असे विचारणाऱ्या पोरांना मी जे सांगितले तेच आपणांसही सांगतो. वेशीवर आपली पताका बांधू नका. बांधलीत की ती आपली राहणार नाही, ती गावातल्या एका आळीची होईल, आणि दुसऱ्या आळीला तिची भीती वाटू लागेल. चार महिन्यांत उन्हावाऱ्याने तिच्या चिंध्या होतील आणि खालून जाणारा कोणी मान वर करून पाहणारही नाही. पताकेची हौस असेल तर ती खांद्यावर घ्या आणि आषाढीला चला. जो चालेल त्याची पताका. ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला शेजारी घ्या आणि कोसभर काठी त्याच्या हाती द्या. नाव विचारू नका, आळी विचारू नका. शेख महंमदांना कोणी विचारली नव्हती.

त्या गावच्या पोरांनी पुढच्या सप्ताहाला काय ठरवले, ते त्यांनी ठरवावे. आपल्या गावचे आपण ठरवावे. येत्या आषाढीला नगरच्या किल्ल्याच्या बाजूने जाल तेव्हा क्षणभर त्या तटाकडे पाहा, तिथे होऊन गेलेल्या साऱ्यांना एक नमस्कार करा, आणि काठी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन पुढच्या मुक्कामाची वाट धरा.

रामकृष्णहरी.